गच्चीवरचे व्याही

देवानं माणसाला घर दिलं ते त्याला गच्ची असावी म्हणून, आणि गच्ची दिली ती तिच्यावर अँटेना उभी करता यावी म्हणून, याबद्दल आमच्या निपाणीच्या व्याह्यांना कधी तिळभरही शंका आली नाही. भिंती, स्वयंपाकघर, देव्हारा, विहीणबाई, मुलगा आणि पुढे सून म्हणून गेलेली आमची लेक, ही सगळी त्यांच्या मते ती गच्ची खाली कोसळू नये म्हणून केलेली तजवीज. निपाणीच्या स्टँडवर उतरून कुणालाही 'तारावालं घर' विचारलं, की तो माणूस आधी बोट वर आभाळाकडं करायचा आणि मग रस्ता सांगायचा. आज त्या गच्चीवर एकच तार उरली आहे आणि तीही खालून दिसत नाही. विचारणाराला आता दोन-तीनदा विचारावं लागतं.

लेकीचं स्थळ बघायला आम्ही हिंडलग्याहून पहिल्यांदा त्यांच्याकडं गेलो, तेव्हा मला यातलं काही ठाऊक नव्हतं. मुलीच्या बापानं पहिल्या भेटीत कमी बोलायचं असतं, म्हणून मी सतरंजीच्या कडेकडेनं बसलो होतो. व्याही तंबाखूच्या वखारीत दिवाणजी होते. आवाज मऊ, बोलणं थोडं, अंगात पांढरा सदरा. त्यांनी माझ्याकडं बराच वेळ बघितलं आणि विचारलं, "पाव्हणं, तुमच्या हिंडलग्याच्या घराची उंची किती?" मी म्हटलं, दोन मजली आहे. "आजूबाजूला झाडं?" म्हटलं, एक फणस, दोन आंबे. "फणस उंच हाय?" म्हटलं, बऱ्यापैकी. "आनी विजेची मोठी लाइन लांब हाय न्हवं?" माझा मेहुणा कानाशी लागून म्हणाला, "दाजी, इस्टेटीचा अंदाज घ्यायलाय हा माणूस, जरा जपून." तेवढ्यात व्याह्यांनी मांडीवर थाप मारली. "मग जमलं म्हणायचं!" आम्ही सगळ्यांनी लगबगीनं एकमेकांना नमस्कार केले. आतून विहीणबाई पोह्यांच्या बशा घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "पोरीचं नाव तरी इचारलासा काय, का नुसता फणसच बघालासा?"

हौशी रेडिओ म्हणजे काय हे मला त्या दिवशी कळलं. सरकारची परीक्षा द्यायची, परवाना काढायचा, आपल्या नावाची म्हणून चार-पाच अक्षरं मिळवायची आणि घरात बसून, तारेच्या जोरावर, कधी न पाहिलेल्या माणसांशी बोलायचं. ऐन उमेदीत वखारीतून रजा काढून, बेंगळूरला जाऊन त्यांनी ही परीक्षा दिली होती. मी शाळामास्तर, त्यामुळं शंका विचारायची खोड. म्हटलं, फोन असताना हे कशाला? ते म्हणाले, "फोनवर आपण ज्याला लावतो तोच उचलतोय. ह्यात कोन उचलंल सांगता येत न्हाय." हे सांगताना त्यांचा चेहरा असा काही उजळला, की मी पुढची शंका पोह्याबरोबर गिळली.

बोलायचा सेट त्यांनी कुणाकडून तरी जुना घेतला होता, पण अँटेना मात्र घरचीच हवी. विकतची अँटेना लावणं म्हणजे सणाला हॉटेलातून पुरणपोळ्या आणून वाढणं, असं त्यांचं मत. त्यामुळं घरातली कुठलीही लांब, सरळ आणि धातूची वस्तू सुरक्षित नव्हती. खिडक्यांचे पडदे एका दिवाळीला गळून पडले, कारण त्यांच्या आतल्या अॅल्युमिनियमच्या नळ्या गच्चीवर पूर्वेकडं तोंड करून उभ्या होत्या. लग्नात त्यांनी मांडवाचे वेळू स्वतः हात फिरवून, डोळा लावून निवडले. आम्हाला वाटलं, मुलाकडची माणसं किती मनापासून करतात. दुसऱ्या दिवशी मांडववाला मांडव सोडायला आला, तर सगळ्यात सरळ वेळू व्याह्यांनी आधीच विकत घेऊन बाजूला काढलेले. आमची लेक ज्या वेळवांखाली सून झाली, त्यांच्याच टोकाला बांधलेल्या तारेवरून व्याही पुढं कितीतरी वर्षं बोलले.

विहीणबाईंचा आणि त्या तारांचा जुना वाद. गच्चीवर इतक्या तारा असून साडी वाळत घालायला एकही मोकळी नाही, ही त्यांची तक्रार. एकदा त्यांनी रागानं ओली नऊवारी थेट अँटेनेवरच टाकली. व्याही त्या वेळी श्रीलंकेतल्या कुणाशी तरी बोलत होते. मीटरचा काटा उलटा पळाला, आवाज खोल गेला. त्यांनी बाहेर डोकावून बघितलं आणि अत्यंत प्रामाणिकपणे त्या परदेशी माणसाला इंग्रजीत सांगितलं, की माझ्या अँटेनेवर बायकोची साडी आहे. तो म्हणाला, काही हरकत नाही, वाळेपर्यंत थांबतो. आणि खरोखरच थांबला. व्याही मध्ये मध्ये बाहेर जाऊन पदर चाचपून यायचे आणि त्याला कळवायचे.

रेडिओवर समोरच्याच्या आवाजाला गुण द्यायची पद्धत आहे. स्पष्टपणाला पाचपैकी आणि जोराला नऊपैकी. व्याह्यांनी ती सगळ्या आयुष्याला लावली. चांगल्या पिठल्याला पाच-नऊ. जावयाच्या, म्हणजे त्यांच्या मुलाच्या, मोटारसायकलीला तीन-नऊ. मी एकदा त्यांना कडोलीला साहित्याच्या एका कार्यक्रमाला घेऊन गेलो होतो. एक वक्ते तासभर घसा फोडून बोलले. बाहेर पडताना मी अभिप्राय विचारला. व्याही चपला शोधत म्हणाले, "एक-नऊ." विहीणबाईंच्या रागाला मात्र कायम पाच-नऊच्या वरचे गुण.

कोगनोळीच्या नाक्यावर त्यांना एकदा अडवलं होतं. सीमाभागातलं वातावरण तापलं की तिथं गाड्या थांबवतातच. व्याही कोल्हापूरहून भाड्याच्या गाडीनं येत होते. टपावर नळ्या, डिकीत तारेची भेंडोळी आणि मांडीवर स्वतः गुंडाळलेलं एक मोठं कॉईल. शिपायानं कन्नडमध्ये विचारलं, हे काय? व्याह्यांनी कन्नडमध्ये सांगितलं. त्यानं साहेबांना बोलावलं. साहेबांना हिंदीत सांगितलं. साहेब म्हणाले, तुम्ही बोलता कुणाशी? "जो उत्तर देईल त्याच्याशी." मराठीतून का कन्नडमधून? "त्याला जे येतंय त्यातनं." हे उत्तर दोन्ही बाजूंच्या कुठल्याच कागदात बसणारं नव्हतं. शेवटी साहेबांनी चहा पाजला आणि यावर क्रिकेटची कॉमेंट्री लागेल का, असं विचारून त्यांना सोडलं.

लग्नाला वर्ष व्हायच्या आतच एका रविवारी ते बसनं आमच्या हिंडलग्याला आले. व्याही पहिल्यांदा घरी येणार म्हणून आमच्या मंडळींनी पुरणाचा घाट घातला होता. त्यांच्या हातात फळं नव्हती की मिठाई नव्हती. खांद्यावर तांब्याच्या तारेचं भेंडोळं होतं. फणसाच्या शेंड्यापासून आमच्या गच्चीच्या कठड्यापर्यंत त्यांनी तार ताणली. दोन्ही टोकांना, वीज अडावी म्हणून, दात घासायच्या ब्रशांच्या दांड्या बांधल्या. त्यातली एक मला ओळखीची वाटली आणि ती होतीही आमच्याच न्हाणीघरातली. मग बोटभर तार तोडायची, मीटर बघायचा, पुन्हा बोटभर तोडायची, असं पुरण थंड होईपर्यंत चाललं. शेवटी त्यांनी मला एक छोटा रेडिओ दिला. "बोलायचं लायसन तुमास्नी न्हाय. पन ऐकायला कोन अडवत न्हाय. दर रविवारी सकाळी आमची मंडळी जमतीया. आता तुमी माझं ऐकणार, मी तुमचं न्हाय." आणि मिस्कीलपणे म्हणाले, "लेकीचं बाप हायसा, सवय असंल."

तेव्हापासून माझ्या रविवारांना त्यांच्या आवाजाची सवय लागली. मंगळूरकडचे एक निवृत्त प्राध्यापक हजेरी घेतल्यासारखे एकेकाला पुकारायचे. सोलापूरचा एक घड्याळजी, कोइमतूरचे एक आजोबा, गोव्याच्या एक बाई, आणि मग "निपाणी" म्हटलं की आमचे व्याही. इंग्रजी, हिंदी, कन्नड, मराठी अशी मिसळ. बोलायचे ते असं काही मोठं नव्हे. पाऊस, गुडघे, कुणाच्या तारेवर घार बसली, कुणाचा वेळू वाऱ्यात मोडला. लेकीच्या घरची हालहवाल मला लेकीच्या आधी या रेडिओवरून कळायची. ती आई होणार हेसुद्धा मला आधी कोइमतूरच्या आजोबांनी व्याह्यांचं अभिनंदन केलं तेव्हा समजलं.

मग कधीतरी व्याही म्हणू लागले, की हवा बिघडली आहे. सूर्यावर काहीतरी होतं आणि आवाज नीट पोचत नाहीत, असं त्यांनी मला समजावून सांगितलं. मी मान डोलावली. पण माझ्या फणसावरच्या तारेवर तर सगळे स्वच्छ ऐकू येत होते. प्राध्यापक एखादी गोष्ट सांगायचे आणि व्याही म्हणायचे, पुन्हा सांगा. ते पुन्हा सांगायचे. व्याही म्हणायचे, तुमचा आवाज फार खाली आहे, अँटेना तपासा. प्राध्यापकांनी खरोखरच दोनदा तपासली. व्याह्यांनी आपलीही तपासली, जुनी काढली, नवी केली, ती पाडून तिसरी केली. लेकीच्या फोनवरूनही हल्ली वेगळंच काही कानावर येत होतं. आमच्याकडं सून सासऱ्याला मामा आणि सासूला आत्ती म्हणते. "मामा म्हणतात, आजकाल माणसं तोंडातल्या तोंडात बोलतात. आत्ती दिवसभर ओरडून बोलतात, आप्पा. शेजारणीला वाटतं, आमच्याकडं रोज भांडण हाय."

मार्गशीर्षातल्या एका थंड सकाळी मी चहा घेऊन रेडिओपाशी बसलो. व्याह्यांनी हाक दिली. लगेच प्राध्यापकांनी उत्तर दिलं. व्याह्यांनी पुन्हा हाक दिली, त्या उत्तराच्या अंगावरूनच. गोव्याच्या बाई बोलल्या. घड्याळजी बोलला. "निपाणी, आम्ही सगळे आहोत," असं कुणीतरी मराठीत म्हणालं. व्याह्यांनी तिसऱ्यांदा हाक दिली. मग ते थांबले असावेत, कान देऊन. कारण एवढी शांतता होती, की माझ्या सेटची घरघर मला ऐकू येत होती. त्या शांततेत चौघांनी, एकामागून एक, त्यांचं नाव घेतलं. आणि व्याही त्यांच्या त्या मऊ आवाजात म्हणाले, "आज कोणीच नाही. सगळ्यांना नमस्कार." सेट बंद झाल्याचा खट आवाज आला.  आमच्या मंडळींनी स्वयंपाकघरातून विचारलं, "चहा निवला की. कोन गेलं काय?" मी म्हटलं, "कोणी न्हाय." मला उठून तिथल्या तिथं सांगावंसं वाटलं, की अहो, सगळे आहेत, मीही आहे. पण माझा सेट फक्त ऐकायचा.

असल्या गोष्टी कुणी सांगायच्या? जावई कागलच्या कारखान्यात नोकरीला, पहाटे जाणार, अंधार पडल्यावर येणार. बापासमोर आवाज चढवायची त्याला सवय नाही. विहीणबाईंनी सांगून बघितलं, तर व्याही म्हणाले, तू तर पहिल्यापासून तारांच्या विरुद्ध. आणि मी पडलो व्याही. आमच्याकडं मुलीचा बाप व्याह्यांच्या जेवणात मीठ कमी आहे असंही म्हणत नाही, मग कानांची गोष्ट कुठली? शेवटी लेकीचाच फोन आला. तिच्या आवाजात रडू होतं. "आप्पा, मामांनी नवीन काढलंय. आख्ख्या घराभोवती तार फिरवणार म्हणं. कठड्यावर चढून वेळू बांधायलेत. परवा पाय घसरला, आत्तींनी सदरा धरला म्हणून वाचले. तुमी येऊन सांगा." मी म्हटलं, "मी कसं सांगू, पोरी? मी पाव्हणा." ती म्हणाली, "म्हणूनच. मान ठेवून तुमचं तरी ऐकतील."

मी गेलो तो रविवार नेमका उभारणीचा. चारी कोपऱ्यांना चार वेळू, त्यांतला एक शेजाऱ्याच्या माडाला बांधलेला, आणि त्यांवरून घराला प्रदक्षिणा घालणारी एक अखंड तार. सत्तरी ओलांडलेला तो माणूस घामानं निथळत होता, पण गाठी अशा मारत होता जशी कुणी नातीची वेणी घालावी. मलाही त्यांनी एक दोर धरायला दिला. सांगायला आलेला मी तो धरून उभा राहिलो. तार ताणली गेली, उन्हात चमकली. खरोखर देखणी होती. शेजारच्या गच्चीवर तांदूळ निवडणारी बाईसुद्धा मान वर करून बघत राहिली.

गच्चीवरच्या खोलीत जाऊन त्यांनी सेट लावला आणि आवाजाचं बटण शेवटपर्यंत फिरवलं. प्राध्यापकांचा आवाज असा फुटला, की पत्र्यावरचं कबुतर उडालं आणि तांदळाच्या बाईनं कानांवर हात ठेवले. सेटवरचा काटा पार उजव्या टोकाला जाऊन थरथरत होता. व्याही खाली वाकून, स्पीकरला जवळजवळ गाल लावून उभे होते. मग सरळ झाले. "काय न्हाय, पाव्हणं. नुसता वारा."

मी हळूच म्हटलं, "आवाज येतोय की."

"आं?"

"आवाज येतोय. चांगला येतोय!"

"काय म्हणतासा?"

बहिऱ्या माणसाला तो बहिरा झाला आहे हे हळू आवाजात सांगता येत नाही, हे मला त्या क्षणी कळलं. मी ओरडलो. "अँटेना चांगली हाय, पाव्हणं! तुमचं कान गेल्यात!"

खाली गल्लीत कुणीतरी सायकल थांबवली. विहीणबाई चहाचे कप घेऊन जिन्याच्या दारात उभ्या होत्या. व्याह्यांनी पहिल्यांदा बटण उलटं फिरवून सेट बंद केला. मग फडक्यानं हात पुसले, एकेक बोट वेगळं करून. माझ्याकडं न बघता म्हणाले, "काटा दिसतोय की मला. डोळं बरं हाईत माझं. कवाधरनं बघायलोय." फडकं सेटवर टाकलं आणि म्हणाले, "अँटेना आपल्याला करता येती, पाव्हणं. ही न्हाय जमली तर दुसरी करायची. कान कसं करायचं?"

विहीणबाईंनी कप खाली ठेवले आणि त्यांच्या पाठीला लागलेली माती पदरानं झटकू लागल्या. बराच वेळ झटकत होत्या. मग चहा झाला. कुणी गुण दिले नाहीत.

बेळगावात दवाखान्यात त्यांना मीच घेऊन गेलो. काचेच्या खोलीत बसवून, कानाला यंत्र लावून त्यांच्या हातात एक बटण दिलं. आवाज आला की दाबायचं. व्याही ताठ बसले आणि ठरावीक वेळानं बटण दाबू लागले. तपासणारी मुलगी अगदी लहान होती. ती काचेपलीकडून माझ्याकडं बघत म्हणाली, "काका, मी अजून चालूच केलं नाही." मी आत बघितलं. परीक्षेला बसलेल्या मुलासारखे ते डोळे मिटून, ओठांत मोजत, बटण दाबत होते. कानाची शीर वाळत चालली आहे, असं डॉक्टरांनी सांगितलं. मशीन दिलं. त्या मशीननं पहिल्या दिवशी त्यांना विहीणबाईंच्या बांगड्या ऐकू आल्या आणि ते दचकून म्हणाले, "घरात एवढा आवाज असतोय?" पण रेडिओवरची माणसं मात्र त्यातून परत आली नाहीत; आली ती नुसती कर्कश शिट्टी. बोलायला बटण दाबलं की मशीनच कानात किंचाळायचं. काही दिवसांनी तेही डबीत गेलं.

घराभोवतीची तार त्यांनी स्वतः उतरवली. लावताना कुरकुरणारे शेजारी उतरवताना न बोलावता आले. माडावरचा वेळू सोडवताना शेजारी म्हणाला, "ऱ्हाऊ दे की हो आण्णा, आम्हाला काय तरास न्हाय." व्याह्यांना ते ऐकू गेलं नाही. त्यांनी तार गुंडाळून त्याला हात जोडले. मग ते गच्चीवर जाईनासेच झाले. खालच्या खोलीत खिडकीशी बसायचे. जेवताना भाजीकडं बघायचे, पण काही म्हणायचे नाहीत. मी भेटायला गेलो, की पाव्हणं आलासा, बसा, एवढं बोलून माझ्या ओठांकडं बघत राहायचे. मग दमून नजर काढून घ्यायचे. विहीणबाई मला निरोप द्यायला दारापर्यंत आल्या, तेव्हा म्हणाल्या, "सगळी गच्ची मोकळी मिळाली, पाव्हणं. कापडं खडखडीत वाळत्यात. पन वर जाऊ वाटत न्हाय बघा."

माझा रेडिओ मात्र मी बंद केला नव्हता. एका रविवारी प्राध्यापकांनी हजेरी घेता घेता विचारलं, निपाणीची काही खबर? कोइमतूरचे आजोबा म्हणाले, त्यांची चूक नव्हती, आम्हीच जरा थांबून बोलायला हवं होतं. गोव्याच्या बाईंनी विहीणबाईंच्या ओल्या साडीची गोष्ट सगळ्यांना पुन्हा सांगितली आणि बरेच जण हसले. मी फोन घेतला आणि हे सगळं, जसं ऐकलं तसं, कोण काय म्हणालं ते नीट लिहून, व्याह्यांना पाठवलं. दुपारपर्यंत काही उत्तर नाही. मग आलं. "हसले कोण कोण?"

मी सगळ्यांची गावं लिहिली.

पुढच्या रविवारी तो आवाज पुन्हा आला. तो आता पूर्वीचा नव्हता. मऊपणा गेला होता. शब्द सपाट आणि मोठे, एखादा नदीच्या पलीकडच्या माणसाशी बोलतो तसे. व्याही म्हणाले, की माझे कान गेले आहेत, मला तुमचं काही ऐकू येत नाही. मी फक्त बोलणार. हिंडलग्याला माझे व्याही ऐकतात, ते मला लिहून कळवतात. तुम्ही बोला, ते मास्तर आहेत, नीट लिहितात. आणि मग त्यांनी पावसाचं आणि गुडघ्यांचं सांगितलं. बोलायला एक साधी तार पुरते, ती त्यांनी कठड्याच्या आतल्या बाजूनं बांधली होती.

तेव्हापासून असं चालतं. ते बोलतात, बाकीचे सावकाश उत्तर देतात, मी चष्मा लावून लिहितो. घड्याळजी माझ्यासाठी शब्द तोडून तोडून बोलतो; त्याला वाटतं मीही म्हातारा आहे, आणि ते खरंच आहे. पण मंडळी कमी होत चालली. कोइमतूरचे आजोबा आता येत नाहीत. गोव्याच्या बाई मुलाकडं परदेशी गेल्या. मागच्या महिन्यात एका रविवारी तर प्राध्यापकही कुठल्याशा लग्नाला गेले होते. व्याह्यांनी हाक दिली, थंडी कमी झाली म्हणाले, विहीणबाईंना दम लागतो म्हणाले, आमच्या लेकीनं केलेल्या आंबोळ्यांचं सांगितलं आणि थांबले. मी फोन हातात घेऊन बसलो. सेट नुसता घरघरत राहिला. बराच वेळ वाट बघून मी लिहिलं, "आज कोणी आलं नाही. फक्त तुमचा आवाज आला."

लगेच उत्तर आलं. "कसा होता?"

 त्यांनी स्वतः तो आवाज कित्येक दिवसांत ऐकला नव्हता. 'छान' असं लिहायला बोट गेलं होतं. पण मास्तर नीट लिहितात असं त्यांनी सगळ्यांना सांगितलं होतं, म्हणून मी जे ऐकलं तेच लिहिलं. "थोडा दमल्यासारखा."

"व्हय. जिना चढून आलतो."

मी सेट बंद करायला हात पुढं केला, तेवढ्यात फोन पुन्हा वाजला. "जरा बसतो आन् परत बोलतो. तुमी हायसा न्हवं?"

मी 'हाय' असं लिहिलं आणि खुर्ची रेडिओजवळ ओढून घेतली.